पिवळ्या फ्रॉकचं ताट

"आई, माझ्या पिवळ्या फ्रॉकला आपण रोज जेवायला का वाढतो?"

हा प्रश्न मी विचारून दाखवावा अशी पैज तहसीन आणि श्रावस्तीनं लावली होती. पैज मधल्या सुट्टीत लागली आणि रविवारी दुपारी दोघी साक्षीदार म्हणून सरळ आमच्याकडे जेवायलाच आल्या. तहसीनचं म्हणणं होतं की मी घाबरणार. "मैदानावर लई उड्या मारतीस, आईसमोर मांजर होतीस." मला असं कुणी म्हटलं की संपलंच. यंदा मी शाळेच्या खो-खो संघाची कप्तान आहे, आणि कप्तान झाल्यापासून मला कळलंय की आपण मोठ्यानं बोललो की लोक ऐकतात. हे इतकं सोपं असतं ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी विचारलं. मोठ्यानं.

आई फ्रॉकच्या ताटात वरणभात कालवत होती. तिनं मान वर केली नाही.

"कारण तिला भूक लागते," ती म्हणाली.

"बघ!" श्रावस्ती तहसीनला म्हणाली. "साधंच कारण असणार म्हटलं नव्हतं मी?"

तहसीन हरली. माझे भूगोलाचे सगळे नकाशे आता ती रंगवणार.

पिवळा फ्रॉक म्हणजे चार वर्षांची मी. फुग्याच्या बाह्या, छातीवर बदकांची रांग, त्यातल्या एका बदकाचा डोळा सुटलेला. बाह्यांतून हात येत नाहीत, पण वाटी हलते. मान असायला हवी तिथली हवा जरा कोमट असते. आई तिथपर्यंत घास नेते आणि घास जातो. तिच्या शेजारी बसतो दुसरीतला गणवेश, मग गौरीच्या वेळचं जांभळं परकर-पोलकं, मग मावशीनं विणलेला स्वेटर, आणि टोकाला पाचवीतला रेनकोट, ज्याच्या पाटाखाली कायम थोडं पाणी साचलेलं असतं. त्यानंतर मी.

कपडा अंगाला होईनासा झाला की तो उभा राहतो आणि त्यात तेव्हाची मी राहते. यात विशेष काही नाही, सगळ्यांच्याच घरी असं होतं. फक्त बाकीचे लोक कपडे ठेवत नाहीत. तहसीनला पाठीवर दोन बहिणी आहेत, त्यामुळे तिच्या कपड्यांना रिकामं व्हायला वेळच मिळत नाही. श्रावस्तीची आई जुन्या कपड्यांची पायपुसणी करते. त्यांच्या दारातल्या पायपुसण्यावर कुणी जोरात पाय पुसले की श्रावस्ती वर्गात बसल्याबसल्या "आई गं" म्हणते. आणि चौथीत मी कोळीनृत्यात होते, तेव्हाचा ड्रेस भाड्याचा होता, तो परत केला. ती मी अजून त्या दुकानात आहे. गणिताच्या तासाला मध्येच माझे पाय नाचायला लागले की समजायचं, आज तिला कुणीतरी भाड्यानं नेलंय.

आमच्या आईनं मात्र माझं एक झबलंसुद्धा घराबाहेर जाऊ दिलेलं नाही.

स्वतःचं तिनं सगळं दिलं. गल्लीत भांडीवाली आली की आई आपल्या साड्या घेऊन पायरीवर बसायची आणि घासाघीस करायची. "अहो मावशी, एवढी चांगली साडी, आणि हे एवढंसं पातेलं?" आमचं स्वयंपाकघर म्हणजे आईच्या साड्याच आहेत, डबे आणि कढया होऊन फळीवर बसलेल्या. एकदा बसस्टँडवर एका अनोळखी बाईच्या अंगावर मी आईची हिरवी काठाची साडी बघितली. ती बाई तिच्या मैत्रिणीशी बोलताना अशी काही हसली, डोकं मागं टाकून, पोट धरून, की मी थांबूनच राहिले. ते आईचं हसू होतं. फोटोत आहे तसंच. आईनं ते एका परातीला दिलं.

पप्पांचा प्रश्न येत नाही. ते मागावर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करतात. आमच्या इचलकरंजीत दिवसरात्र कापडच तयार होत असतं, पण पप्पांचे शर्ट त्यांच्या अंगावरच संपतात. काढण्यासारखं काही उरत नाही.

पप्पांना एकच विनोद येतो. माणूस शिंप्याला विचारतो, शर्ट कधी देणार? शिंपी म्हणतो, दिवाळीला, वर्ष तुम्ही सांगा. दुसरीतला गणवेश या विनोदाला दर वेळी खिदळतो, त्याची बटणं एकमेकांवर वाजतात. मी सातवीत असताना हसायचं बंद केलं. तेव्हापासून पप्पा विनोद त्याच्याकडे बघून सांगतात. आईनंही लाडाचं "गिरू" फ्रॉकसाठी ठेवलंय. मी गिरिजा.

आणि मला काय हवं होतं तर एवढंच, की त्या दोघांनी एकदा माझ्याकडे बघावं आणि मी जे सांगतेय ते ऐकावं. मला अकरावीला कोल्हापूरला जायचंय. होस्टेलवर राहायचंय. तिथल्या एका कॉलेजात खो-खोचं खरं मैदान आहे, भुसभुशीत मातीचं, पडलं तरी गुडघा फुटत नाही. तिथल्या सरांनी आमची मॅच बघितली आणि मला विचारलं, "येणार का?" मी तिथंच हो म्हणून आले. घरी सांगायचं राहिलंय. किती वेळा तोंड उघडलं! दर वेळी आई म्हणते, "थांब, आधी हिला भरवू दे." खरं तर फ्रॉकचा प्रश्न ही माझी रंगीत तालीमच होती.

मैत्रिणी गेल्यावर आई माझ्याजवळ आली. "तुला ती नको झालीय का?"

"नाही गं, नुसतं विचारलं."

"नुसतं कुणी विचारत नाही," आई म्हणाली. मग तिनं दोरीवरचा माझा टी-शर्ट काढला. मला नीट होणारा, आदल्या दिवशीच घातलेला. तो नाकाशी धरला, घडी घातली आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या जागेवर बसून पोहे खात होता. त्यात परवाची मी होते.

"सरक की जरा," मी म्हटलं.

"तूच सरक," तो म्हणाला. माझाच आवाज, फक्त थोडा जास्त गोड.

त्या दिवसापासून घाई झाली. आधी कपडा आखूड व्हावा लागायचा, त्याला वर्षं लागायची. आता मी काढला की आई उचलायची आणि तो उभा राहायचा. संध्याकाळी शाळेचा गणवेश खुंटीला लावला, तो सकाळी खुंटीवर नव्हता. माझ्याआधी शाळेला गेला होता. मी दुसरा गणवेश घालून पळत पोचले, तर माझ्या बाकावर कालची मी.

बाईंनी हजेरी घेतली. "गिरिजा चौगुले?"

"हजर," पुढून आलं.

"बाई, मी इथं आहे," मी दारातून म्हटलं.

बाईंनी दोघींकडे बघितलं. "तू मागं बस. जागा आधी येणाऱ्याची."

मधल्या सुट्टीत तहसीन आणि श्रावस्ती तिच्याच बरोबर खात होत्या.

"अगं, ती मी आहे," मी म्हटलं.

"माहितीय की," तहसीन म्हणाली. "पण ती डबा वाटून खाते. तू सगळं लोणचं एकटी संपवतीस."

"आणि ती जरा हळू बोलते," श्रावस्ती म्हणाली. "राग नको मानू."

मी राग मानला. दुसऱ्या दिवशी दुसरा गणवेशही निघून गेला. मग मी संघाचा लाल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चढवली आणि ठरवलं, हे आता अंगावरून उतरवायचं नाही. आंघोळ त्यातच करायची आणि गच्चीवर गोल गोल फिरत वाळवायची. शिवणी काचायला लागल्या. काखेत पुरळ आलं. झोपेत हातानं पँटची नाडी घट्ट धरलेली असायची, कारण एकदा मला जाग आली तेव्हा आई पायाशी बसून माझा एक मोजा हळूहळू ओढत होती.

"मळलाय गं," ती म्हणाली.

सकाळी तो मोजा अंगणात एकटाच लंगडी घालत होता.

घर फुगत गेलं. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाणारा बोळ इतका लांबला की पाणी प्यायला निघावं तर वाटेत जास्तच तहान लागायची. कपडे बोळात बसायचे, एकाचं तोंड या भिंतीकडे, पुढच्याचं त्या भिंतीकडे, आम्ही मैदानावर बसतो तसे. पप्पा कामावरून आले की टोकाला उभं राहून विनोद सांगायचे. हसू बोळातून लांबवर जायचं आणि परत यायचं.

"कसं भरल्यासारखं वाटतंय घर," पप्पा म्हणायचे.

"पप्पा, मला काहीतरी सांगायचंय," मी म्हणायचे. बोळातून सगळीकडून माझाच आवाज यायचा, "पप्पा, मला काहीतरी सांगायचंय," आणि पप्पा कौतुकानं म्हणायचे, "एकेक करून सांगा, एकेक करून."

एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी बोळातून चालले होते आणि दुसरीतला गणवेश वाटेत पाय पसरून बसला होता. खरं तर ढकलायचंच होतं, पण हाताला सवय. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खो!"

तो उठला आणि पळाला. आणि नियमाप्रमाणे मला त्याच्या जागी बसावं लागलं.

खो-खोत बसलेल्याला स्वतःहून उठता येत नाही. मला हे सांगायला नको, मी कप्तान आहे. तोंड भिंतीकडे होतं. भिंतीचा रंग पोपडे आलेला. पाठीमागून लोक जात होते. आई गेली, कुणाला तरी "गिरू, केस बांध" म्हणाली. पप्पा गेले. मी हाका मारल्या, मोठ्यानं, कप्तानासारख्या. आई थांबली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. किती दिवसांनी! तिचा हात कांद्याचा वास येणारा, गरम. मला एकदम वाटलं, इथंच बसलं तर काय बिघडलं? भरवतील. लाड करतील. मोठ्यानं बोलावंच लागणार नाही.

माझे गुडघे खाली टेकत होते. खो-खोत गुडघा टेकला की पुढं उठायला उशीर होतो, हे मी सगळ्या लहान पोरींना ओरडून ओरडून शिकवलेलं.

तेवढ्यात पाठीवर काहीतरी लागलं. अगदी हलकं, हवा भरलेल्या फुग्यासारखं.

"खो," चार वर्षांचा आवाज म्हणाला.

मी ताडकन उठले. वळून बघितलं तर पिवळा फ्रॉक माझ्या जागी बसत होता, नीट, चवड्यांवर बसल्यासारखा, मी मैदानावर शिकवते तसा. पाठ मात्र सारखी वळवळत होती. तिलाही उठायचं होतं. बोळभर बघितलं तर सगळ्यांच्याच पाठी तशा होत्या. स्वेटरचीसुद्धा.

मी थेट आईकडे गेले. ती कपाटासमोर फतकल मारून बसली होती.

"आई, दहावीच्या निरोप समारंभाला सगळ्या पोरी साड्या नेसणार आहेत," मी म्हटलं. "आपापल्या आईच्या."

म्हणायचं वेगळंच होतं, पण तोंडातून हे निघालं.

"माझ्याकडं कुठं राहिल्यात साड्या?" आई म्हणाली. आणि जरा वेळानं, "एक आहे."

तिनं सगळ्यात खालच्या कप्प्यातून, माझ्या लंगोटांच्या खालून, एक निळी साडी काढली. दुकानातल्या घडीतच होती. आत कागद, कडेला डांबराच्या गोळीचा वास.

"ही भांडीवालीला दिली नाहीस?"

"जी नेसलीच नाही ती जुनी कशी होणार? घेत नाही ती."

"का नाही नेसलीस?"

"निपाणीच्या शाळेत नोकरी लागली होती. पहिल्या दिवसासाठी घेतलेली."

"मग?"

"मग तू झालीस."

आईनं हे रागानं सांगितलं नाही. भाजी कुठली केलीय ते सांगावं तसं सांगितलं. तिनं साडी माझ्या हातात ठेवली. "तू मोड हिची घडी. लेकीनं मोडली तर चांगलंच असतं. माझ्या आईनं तिची पैठणी मलाच पहिल्यांदा नेसवली होती."

आमच्याकडे हे असतं. नवी साडी आधी आपल्या लाडक्या माणसाला नेसायला द्यायची, घडी तिनं मोडायची, मग आपण. कुणी घडी मोडायला दिली की समजायचं, तिचा आपल्यावर फार जीव आहे. किती थंड होती ती साडी! मी पदराचं टोक खांद्यावर टाकून बघितलंसुद्धा.

आणि मग मला पुढचं सगळं दिसलं. मी ही नेसणार. लाल टी-शर्ट आधी काढावा लागणार, तो उभा राहणार. संध्याकाळी साडी सोडणार, तीही उभी राहणार. आई तिला दारापाशी बसवेल, तिच्या निऱ्या सारख्या करेल, तिला जेवायला वाढेल. मला अंगावर घालायला काही उरलेलं नसेल. आणि त्या साडीत निपाणीला जाणारं कुणी कधीच नसेल.

मी पदर खांद्यावरून काढला.

"तू मोड," मी म्हटलं.

"मी?" आई म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

"जेवायला. बाहेरच्या खोलीत."

"वेडी आहेस."

"आई, माझा तुझ्यावर जीव आहे," मी म्हटलं. हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की बोळातले सगळे गप्प झाले. "मी तुला देतेय मोडायला. नाही म्हणायचं नसतं."

नाही म्हणायचं नसतंच. आईनं साडी घेतली आणि दार लावलं.

पप्पांची सुट्टी होती. त्यांनी पाट मांडले, ताटं मांडली. बोळातून एकेक करत सगळे येऊन बसले. दोन्ही गणवेशही शाळेतून आले होते. पंगत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली, मग भिंतच थोडी मागं सरकली. आतून कापडाची सळसळ येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

"काय करतेय ही?" पप्पांनी विचारलं.

"निऱ्या," मी म्हटलं. "सवय मोडलीय तिची."

दार उघडलं. आई निळ्या साडीत उभी होती. घडीच्या रेघा अंगभर आडव्या-उभ्या उमटलेल्या, जणू तिला आत्ताच कपाटातून काढून उलगडलं होतं. ती चालली तशी एकेक रेघ मोडत गेली. ती पंगतीत बसली, पण फ्रॉकच्या शेजारी नाही. माझ्या शेजारी. फ्रॉकचा भात कुणी कालवला नाही. कुणी तक्रारही केली नाही.

"छान दिसतेस गं," पप्पा म्हणाले, आणि त्यांना काय करावं कळेना म्हणून त्यांनी विनोद सांगायला घेतला. "एक माणूस शिंप्याला विचारतो..."

"पप्पा," मी म्हटलं. "थांबा."

ते थांबले. मी उभी राहिले. टी-शर्ट मानेला काचत होता, पाय सारखे हलत होते, आवाज मात्र बरोबर निघाला.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. मी अकरावीला कोल्हापूरला जाणार. होस्टेलवर राहणार. तिथल्या सरांना मी हो सांगून आलेय."

पप्पांनी पोळ्यांचा डबा हातात तसाच धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"कोणती?" ते म्हणाले.

मी हात वर केला.

पंगतीत सळसळ झाली. दुसरीतल्या गणवेशानं बाही वर केली. मग परकर-पोलक्यानं, मग रेनकोटानं, त्याच्या बाहीतून पाणी गळत होतं. मग स्वेटरनं, मग शाळेतून आलेल्या दोघींनी, आणि पिवळ्या फ्रॉकनं तर दोन्ही. मग माझ्या शेजारी, निळ्या पदराखालून, आईचा हात वर आला. पदरावरची एक घडीची रेघ अजून मोडायची राहिली होती. ती काठावर न थांबता सरळ आईच्या मनगटावरून पुढं गेली होती.